पाऊस लागला की झोप उडते

"रात्री पाऊस सुरू झाला की डोळ्याला डोळा लागत नाही. सारखी उठून गॅलरीतून नदी बघते. घरचे म्हणतात, अती करतेस. हा आजार आहे का? घर विकून टाकावं का?"

शहराच्या ऐन मध्यावर, नदीला लागून असलेल्या जुन्या वस्त्यांतून हा प्रश्न पावसाळ्याच्या तोंडावर हमखास येतो. इथल्या बाई पन्नाशीच्या, घर तळमजल्यावर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दोन वर्षांपूर्वी घरात गुडघाभर पाणी आलं होतं. घरात नवरा आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या सासूबाई.

समुपदेशनात पहिलं काम नोंदीचं. आठवडाभर त्यांनी प्रत्येक वेळी नदी किंवा मोबाइल पाहिला की कागदावर रेघ ओढायची, एवढंच. पावसाच्या चार रात्रींत ६१ रेघा झाल्या. दर वेळी पाहिल्यावर पाच-दहा मिनिटं बरं वाटायचं. मग मेंदू हेच शिकतो की बरं वाटलं ते पाहिल्यामुळे, आणि पुढची खेप आणखी लवकर येते. शिवाय अंधारात गॅलरीतून पाण्याची पातळी कळतच नाही. आवाज तेवढा मोठा वाटतो. वस्तीच्या ग्रुपवर फिरणारे व्हिडिओ तर बरेचदा जुन्या पुराचे असतात.

पण "काही होत नाही गं" हे उत्तरही खोटंच. नवऱ्याचं म्हणणं होतं, तो शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर होता, आता काळजी मिटली. त्या शब्दांचा अर्थ असा की तेवढा पूर येण्याची शक्यता दर वर्षी १ टक्का. पूर येऊन गेल्याने ती पुढच्या वर्षी कमी होत नाही. तीस वर्षं तिथं राहिलं तर निदान एकदा असा पूर पाहण्याची शक्यता साधारण २६ टक्के. म्हणजे बाईंची भीती निराधार नव्हती. चुकत होतं ते हे की रात्री दोन वाजता, एकटीने, दर वेळी नव्याने निर्णय घेतला जात होता.

म्हणून निर्णय दिवसा घेऊन कागदावर उतरवले आणि कागद दाराच्या आतल्या बाजूला लावला. प्रशासन नदीची इशारा पातळी आणि धोका पातळी जाहीर करतं. वरच्या अंगाला धरण असेल तर विसर्ग वाढवण्याआधी सूचना देतं. ते पाणी आपल्यापर्यंत यायला किती तास लागतात, हे दोघांनी जाऊन विचारून आणलं. इशारा पातळीला गाडी उंचावर न्यायची, कागदपत्रं आणि सात दिवसांची औषधं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत भरायची, फोन चार्ज करायचे. धोका पातळीला किंवा आदेश आला की अर्ध्या तासात घर सोडायचं: गॅस बंद, मेन स्विच बंद. मात्र पायाखाली पाणी आलेलं असेल तर स्विचला हात लावायचा नाही. तळमजल्यावर पाणी अनेकदा दारातून शिरण्याआधी मोरीच्या जाळीतून उलटं वर येतं, म्हणून वाळूच्या पिशव्या तिथेही.

सासूबाईंचा रकाना मात्र रिकामाच राहिला. बाई गप्प झाल्या. मग कळलं, त्या रात्री सासूबाईंना खुर्चीत बसवून, गुडघाभर पाण्यातून चौघांनी उचलून नेलं होतं आणि एकाचा पाय घसरला होता. नदीकडे बघताना बाईंना ती खुर्ची दिसत होती. बाकी सगळ्या यादीपेक्षा या एका ओळीवर जास्त वेळ गेला. सासूबाईंना सत्रात बोलावलं. "मी नाही कुणाच्या दारात जाऊन बसणार," त्या म्हणाल्या. तिसऱ्या भेटीत तोडगा निघाला: इशारा पातळीलाच, अंगणात पाणी नसताना, त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीकडे जायचं, स्वतःच्या पायांनी आणि स्वतःची उशी घेऊन. जिने चढायला त्यांना वीस मिनिटं लागतात, हे कोरड्या दिवशी चढून मोजून ठेवलं.

त्यानंतरच पाहणं कमी करायला घेतलं. साध्या पावसात रात्री दहा आणि पहाटे पाच, दोनच वेळा अधिकृत पातळी पाहायची. इशारा असेल तर तासातासाला, नवरा-बायकोने पाळीपाळीने. अधिकृत सूचनेचा आवाज चालू, ग्रुप बंद. मध्येच ऊर्मी आली तर आधी १५ मिनिटं थांबायचं, पुढच्या आठवड्यात ३०. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात दुसरीकडे बसायचं, गॅलरी सोडून.

दुसऱ्याच आठवड्यात घसरण झाली. रेघा कमी, पण नवऱ्याला उठवून "पाणी वाढलं नसेल ना?" हे सुरू. तीही पाहणीच, फक्त दुसऱ्याच्या डोळ्यांनी. नवऱ्याने "नाही गं, झोप" ऐवजी "कागद काय म्हणतो?" एवढंच म्हणायचं ठरलं. त्याला ते कठोर वाटलं आणि दोनदा भांडणही झालं.

आजाराचं विचारलं होतं, तर पूर पुन्हा घडतोय असा भास होणं, वाईट स्वप्नं, पावसात घराबाहेरच न पडणं हे महिन्याहून अधिक टिकलं आणि रोजचं काम अडू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. बाईंना त्याची गरज पडली नाही.

घर विकण्याचा निर्णय पावसाळ्यात घ्यायचा नाही, असं ठरलं. उन्हाळ्यात बसून पाहायचं: विम्यात पुराची भरपाई आहे का, त्याच इमारतीत वरचं घर मिळतं का, सासूबाईंच्या डॉक्टरांपासून किती लांब जावं लागेल. तो निर्णय अजून व्हायचाय. ऑगस्टात एकदा इशारा पातळी आली, तेव्हा सासूबाई अकरा वाजता उशी घेऊन वर गेल्या. त्या रात्री रेघा पाच. बाई दोन वाजता झोपल्या, पहाटेची पाळी नवऱ्याची होती.