सवाईचा दिवस आणि गाण्याची सवय नसलेला जोडीदार

तुमचा प्रश्न असा की लग्नाचा वाढदिवस डिसेंबरात आहे, राहता निगडीला, दिवसभर दोघांनी पुण्यात फिरायचं आणि संध्याकाळी सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, बसायचं मनात आहे. पण नवऱ्याला शास्त्रीय गाण्यातलं काही कळत नाही, तो कंटाळेल का? आमच्या घरी अगदी हेच होतं. मी लहानपणापासून ऐकणारी, ह्यांच्या घरी रेडिओ बातम्यांपुरता लागायचा. आता आम्ही वीसहून जास्त वर्षं जोडीने जातोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी मी फार मोठा बेत आखला होता. पहाटे सिंहगड, तिथे झुणका-भाकरी, खाली येऊन लक्ष्मी रोडला खरेदी आणि पिशव्यांसकट थेट रमणबागेत (तेव्हा सवाई तिथे व्हायचा, आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो). सात वाजता ह्यांचं डोकं ठणकायला लागलं आणि आठला आम्ही घरी निघालो. मला रडू येत होतं. नंतर लक्षात आलं की गाण्याचा त्यात काही दोष नव्हता, कान दिवसभर हॉर्न आणि गर्दी सोसून आले होते. तेव्हापासून त्या दिवशी एकच ठिकाण बघायचं आणि कान शांत ठेवायचे, एवढंच आम्ही पाळतो.

तुम्हीही तेच करा. पिंपरीहून मेट्रोने मंडईला उतरा. 1886 मधली ती अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत बाहेरून बघून चालत राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकर म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे कवी. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, असं आयुष्यभर गोळा केलेलं सगळं त्यांनी पुढे सरकारच्या स्वाधीन केलं. सगळं बघायला जाऊ नका, पाय भरून येतात. वाद्यांच्या दालनात मात्र निवांत थांबा.

तिथेच मी ह्यांना तंबोरा दाखवला. भोपळा कुठला, दांडी कुठली, आणि घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा एक बारीक दोरा असतो तो कशासाठी. त्या दोऱ्याला जवारीचा दोरा म्हणतात. तो केसभर इकडेतिकडे सरकवला की तार एका जागी मुकी वाटते आणि दुसऱ्या जागी मधमाश्यांसारखी गुंजायला लागते. पहिली तार बहुतेक वेळा पंचमात, म्हणजे ‘प’ या स्वरात लावतात, पण मालकंस रागात पंचमच नाही, म्हणून तिथे ती मध्यमात, म्हणजे ‘म’मध्ये लागते. एवढंच सांगितलं, राग-ताल काही नाही. त्या संध्याकाळी गायक येऊन बसले, तंबोरे जुळायला लागले, आणि ह्यांनी माझा हात दाबला, “दोरा सरकवतायत बघ!” तार अचानक उघडली तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला होता. गाणं अजून सुरूही व्हायचं होतं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की नवऱ्याला समजवायला बसू नका, ऐकायला एखादी बारीकशी गोष्ट हाताशी द्या. बाकीचं त्यांचं ते सापडतं.

जेवण साधं घ्या. मिसळ खाऊन चार-पाच तास बसवत नाही. मंडपाबाहेर खाण्याचे स्टॉल असतात, तेव्हा उपाशी राहण्याची भीती नाही. जेवून तासभर कुठेतरी सावलीत टेका आणि रिक्षाने मुकुंदनगरला या. सुरुवातीपासूनच बसा, उशिरा येऊ नका. दुपारी मुलतानी, दिवे लागताना मारवा किंवा पूरिया, अंधार पडल्यावर यमन, असा उजेड उतरत जाताना राग बदलत जातो. नवख्या माणसालाही हे अंगावर जाणवतं. लाउडस्पीकरच्या नियमामुळे रोज दहाला थांबावं लागतं. एक दिवस, सहसा शनिवारी, बारापर्यंत परवानगी मिळते. रात्रीचे राग ऐकायचे असतील तर त्या दिवसाचं तिकीट काढा, मात्र परतीची मेट्रो मिळणार नाही हे गृहीत धरा. पाठदुखी नसेल तर भारतीय बैठकच घ्या. खुर्च्यांवर आपण शेजारी असतो, बैठकीत एकमेकांना टेकून ऐकता येतं.

आणि वाढदिवस शेवटच्या दिवशी येत असेल तर काहीही झालं तरी शेवटपर्यंत थांबा. भीमसेन जोशींनी 1953 मध्ये गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, आणि अजूनही सांगता होते ती गुरूंच्याच आवाजातल्या भैरवीने. जुनी ध्वनिमुद्रिका आहे, थोडी खरखरणारी. हजारो माणसं असतात, पण कुणी बोलत नाही. हे तेव्हा डोळे मिटून बसतात, आणि ती संपल्यावरही थोडा वेळ उठत नाहीत. मीही घाई करत नाही.

दोघांसाठी दोन वेगळ्या शाली न्या. एकीत भागेल असं वाटतं, पण मंडप बाजूंनी उघडा असतो आणि नऊनंतर गारवा चांगलाच झोंबतो.