वजन कमी केल्याने स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास वारंवार अडण्याचा आजार) बरा होतो का?

तुमचे वडील स्थूल आहेत आणि घोरता घोरता त्यांचा श्वास अडतो, असे तुम्ही लिहिले आहे. अशा वेळी वजन उतरवणे हाच सर्वांत परिणामकारक बदल ठरतो, कारण जिभेतली व घशाभोवतीची चरबी घटली की श्वासमार्ग मोकळा राहतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या अभ्यासात 10 टक्के वजन घटण्यासोबत दर तासाला श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे 26 टक्क्यांनी उतरलेले दिसले. वडील जेवणाआधी फेणी (मद्य) घेत असतील तर ती मात्र आजच बंद करावी, कारण मद्याने घशाचे स्नायू सैल पडतात. पाठीशी लोड ठेवून कुशीवर झोपवावे. सौम्य आजार एवढ्यानेही जाऊ शकतो. तासाला 30 किंवा अधिक वेळा श्वास अडत असेल, तर सहसा सीपॅप यंत्र (झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे) लागते, आणि वजन उतरले तरी झोपेची तपासणी पुन्हा केल्याशिवाय ते स्वतःहून बंद करू नये.