शाळेच्या इमारतीला राज्याचे पैसे, नंबर कुणाचा आधी?

प्रश्न: आम्ही ओहायोत राहतो. मुलीच्या शाळेचं छप्पर गळतं, वर्गात बादल्या ठेवतात, तरी राज्याचे पैसे शेजारच्या स्कूल डिस्ट्रिक्टला (शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाला) आधी कसे मिळाले?

उत्तर: अहो, तिथे नंबर मुख्यतः ऐपत बघून लागतो, बादल्या मोजून नाही. डिस्ट्रिक्टमधल्या प्रॉपर्टीची करपात्र किंमत भागिले विद्यार्थी, त्यात लोकांच्या उत्पन्नाचाही हिशोब धरतात, आणि जो गरीब तो यादीत वर, त्याचा स्वतःचा वाटाही कमी. १९९७च्या डीरॉल्फ निकालानंतर, म्हणजे ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने राज्याची शाळांना पैसे देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवल्यावर, ही व्यवस्था आली. पण नंबर लागला म्हणजे झालं असं नाही, स्थानिक वाट्यासाठी बहुतेक ठिकाणी बाँडवर, म्हणजे कर्ज काढायचं की नाही यावर, लोकांचं मतदान घ्यावं लागतं, वर देखभालीसाठी २३ वर्षं अर्ध्या मिलचा (करपात्र किंमतीच्या दर हजार डॉलरला ५० सेंट) प्रॉपर्टी टॅक्स, आणि खरी गाडी अडते ती या मतदानातच. यादीतला तुमचा नंबर स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये सरळ विचारा.