वाचकांचे प्रश्न : क्वांटिफायर काढताना

प्रश्न : क·क्ष² + ख·क्ष + ग = ० या समीकरणाला वास्तव मूळ कधी असतं, एवढंच विचारलं होतं. ख² − ४कग ≥ ० ही शाळेतली अट पुरेशी असताना क्यूईपीकॅडने (‘प्रत्येक’, ‘असा एक आहे’ हे क्वांटिफायर काढून उरलेल्या चलांवरची अट देणाऱ्या प्रोग्रामने) तिला आणखी शेपूट का जोडलं?

उत्तर : शेपूट हवंच. शाळेत क ≠ ० धरून चालतात. प्रोग्रामला तुम्ही ते सांगितलेलं नाही. गंमत म्हणजे क = ० आणि ख ≠ ० असतानाही ती अट चालून जाते, कारण विवेचक (ख² − ४कग) उरतो ख², म्हणजे धन, आणि रेषीय समीकरणाला मूळ असतंच. फसगत होते ती फक्त क = ख = ० आणि ग ≠ ० असताना. विवेचक शून्य, अट पूर्ण, पण ग = ५ असेल तर समीकरण झालं ५ = ०! म्हणून उत्तर येतं : ख² − ४कग ≥ ०, शिवाय (ग = ० किंवा क ≠ ० किंवा ख² − ४कग > ०). क शून्य नाही हे ठाऊक असेल तर ते गृहीतक म्हणून आधीच द्या.

क्यूईपीकॅडमध्ये टाइप करताना मुक्त चल (ज्यांवर क्वांटिफायर नाही ते) आधी लिहायचे : क, ख, ग, मग क्ष. मुक्त चलांची संख्या ३. गुणाकाराला चिन्ह नाही, नुसती मोकळी जागा. सूत्राच्या शेवटी पूर्णविराम विसरलात तर वाचन तिथेच अडतं.

प्रश्न : ५ चल, १० बहुपदी. क्यूईपीकॅडमागची कॉलिन्सची पद्धत (एकेक चल काढत जाणारी) रात्रभर चालते आणि मेमरी संपते. मोठं मशीन घ्यावं का?

उत्तर : आधी आकडे बघा. एक चल काढताना प्रत्येक बहुपदीचा विवेचक आणि प्रत्येक जोडीचा रिझल्टंट (जोडीला सामाईक मूळ कधी असतं ते सांगणारी बहुपदी) घ्यावा लागतो. सहगुणक सोडून दिले तरी १० च्या होतात ५५, मग १,५४०, मग ११,८६,५७०. कोटीही (चलाचा सर्वांत मोठा घात) दर पायरीला साधारण वर्गाने वाढते. अवयव पाडल्यावर प्रत्यक्षात आकडे पुष्कळ कमी भरतात, पण कल हाच. १९८८ मध्ये डेव्हनपोर्ट आणि हाइन्ट्झ यांनी दाखवलं की काही सूत्रांचं उत्तरच चलांच्या संख्येनुसार दुहेरी घातांकी (घातावर पुन्हा घात अशा) लांबीचं असतं. तिथे कुठलंच मशीन पुरत नाही. सेल (मेमरीचे कप्पे) संपल्याची तक्रार आली तर सुरू करतानाच सेलची संख्या वाढवून द्या, पण तो उपाय शेवटचा.

पहिला उपाय : काढायच्या चलाची कोटी १ किंवा २ असेल तर रेडलॉग या प्रोग्राममधलं व्हर्च्युअल सब्स्टिट्यूशन (चलाच्या जागी मोजके बिंदू घालून बघणं) वापरा. ‘क < क्ष < ख असा क्ष आहे’ हे घ्या. क्ष च्या जागी −∞, क च्या किंचित पुढचा बिंदू आणि ख च्या किंचित पुढचा बिंदू एवढेच तपासायचे. पहिला आणि तिसरा बाद, दुसरा देतो क < ख. संपलं. अडचण अशी की एक चल गेला की उरलेल्यांची कोटी चढते. २ च्या वर गेली की उरलेलं काम कॉलिन्सच्या पद्धतीकडे द्या.

दुसरा : क्रम बदला. लागोपाठच्या एकाच जातीच्या क्वांटिफायरांची अदलाबदल चालते, ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक आहे’ यांची नाही. कमी कोटीचा चल आधी काढावा. आमच्या मते मशीनपेक्षा यानेच जास्त फरक पडतो.

तिसरा : अटींत समीकरण असेल तर ते प्रोग्रामला समीकरण म्हणून सांगा. मग पहिल्या पायरीला ५५ ऐवजी १ विवेचक आणि ९ रिझल्टंट पुरतात.

मॅकॅलमच्या प्रक्षेपात (चल काढण्याच्या पायरीचा एक प्रकार) एखादी बहुपदी एखाद्या बिंदूवर समूळ शून्य झाली (सगळे सहगुणक शून्य) तर इशारा येतो. तो दुर्लक्षू नका. हाँगचा प्रक्षेप वापरून पुन्हा चालवा. आणि १/३ ला ०.३३३ लिहू नका. गणित अचूकच होतं, पण वेगळ्याच प्रश्नाचं.

प्रश्न : सूत्रात साइन टाकता येईल का?

उत्तर : नाही. तार्स्कीचा निकाल (क्वांटिफायर नेहमी काढता येतात हा) फक्त बेरीज, गुणाकार आणि तुलनेपुरता. सर्व वास्तव संख्यांवर साइन आला की त्याच्या शून्यांतून पूर्णांक व्यक्त होतात आणि निर्णयपद्धतच (प्रत्येक विधानाचं खरं-खोटं ठरवणारी रीत) उरत नाही. मर्यादित पल्ल्यात टेलरच्या बहुपदींनी वरून-खालून बांध घालून काही विधानं सिद्ध होतात. मात्र तिथे ‘सिद्ध झालं नाही’ याचा अर्थ ‘खोटं’ असा घेऊ नका.