सुई लावली की पसरतो म्हणतात

"मॅडम, गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात. खरं आहे का?"

नागपुरात कॅन्सरच्या रुग्णांशी बोलण्याचं काम मी करते, आणि हा प्रश्न आला नाही असा आठवडा जात नाही. सुई म्हणजे बायोप्सी, तपासणीसाठी गाठीतून तुकडा काढणं. उत्तर आधीच देऊन टाकते: नाही, पसरत नाही. सुईच्या वाटेत एखाद-दुसरी पेशी राहू शकते, पण त्यामुळे स्तनाचा कॅन्सर वाढला किंवा बाईचं आयुष्य कमी झालं, असं आढळलेलं नाही. पुढे ऑपरेशन आणि रेडिएशन होतं ते त्याच भागावर. आणि तुकडा तपासल्याशिवाय कोणताही जबाबदार डॉक्टर केमो सुरू करत नाही.

हेच सगळं मी सुनंदाताईंनाही सांगितलं होतं. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. (त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय 47. इतवारीत जुनं घर, खाली नवऱ्याचं किराणा दुकान. संक्रांतीच्या सुमारास आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नव्हती म्हणून सोडून दिली. गंमत अशी की दुखणारी गाठ बायका लगेच दाखवायला येतात आणि न दुखणारी अंगावर काढतात. कॅन्सरची गाठ मात्र सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. फेब्रुवारीत जावेनं बळंच दवाखान्यात नेलं. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर बायरॅड्स 5, म्हणजे कॅन्सर असण्याची दाट शक्यता. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली. त्या 'बरं' म्हणून घरी गेल्या त्या पुन्हा फिरकल्याच नाहीत. जावेनं माझ्यासमोर आणून बसवलं तेव्हा मार्च उजाडला होता.

"आमच्या आत्याले लावली न सुई," त्या म्हणाल्या. "चांगली हिंडून-फिरून राहिली होती. चार महिन्यात गेली."

मी लगेच कागद ओढला आणि स्तनाचं चित्र काढलं. जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघत सुई नेतात, स्टेपलरसारखा खट् आवाज होतो, शेवईच्या तुकड्याएवढे चार-पाच नमुने निघतात, टाका लागत नाही, जागा थोडे दिवस काळीनिळी दिसते. त्या तुकड्यावरून नुसता कॅन्सर आहे की नाही एवढंच कळत नाही. हार्मोनच्या गोळ्या लागू पडतील का, हर-टू नावाच्या प्रथिनावरचं औषध लागेल का, हेही कळतं. पंचवीस मिनिटं मी बोलत होते. त्या प्रत्येक वाक्याला "हो जी" म्हणत होत्या. आता नागपूरकरांचं "हो जी" म्हणजे होकारच असतो असं नाही, हे जन्म इथे गेलेल्या मला कळायला हवं होतं. त्या गेल्या आणि बारा दिवस आल्या नाहीत.

बाराव्या दिवशी जावेनं पुन्हा आणलं. या वेळी मी कागद काढला नाही.

"आत्याची गाठ तुम्ही पाहिली होती?"

"पाहिली न. मीच तर पट्टी बदलायची."

"पट्टी कशाची?"

"फुटली होती जी. आधी वरची चामडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, मग फुटली."

संत्र्याच्या सालीसारखी त्वचा हे लक्षण डॉक्टरी पुस्तकांतही याच नावानं आहे. जगभरच्या विद्यार्थ्यांना ते चित्र दाखवून शिकवावं लागत असेल, नागपूरच्या बाईला लागत नाही.

"हे सुई लावायच्या आधीचं?"

"आधीचं. दोन वर्षं एका जडीबुटीवाल्याचा लेप चालू होता."

"पाठ, कंबर दुखायची का त्यांची?"

"रातभर कण्हायची. मणका सरकला म्हणून मालिश करायचे."

मग बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. "म्हणजे सुई लावली तेव्हा पसरूनच होतं म्हणता?"

मी त्यांच्या आत्याबाईंना तपासलेलं नाही, त्यामुळे ठाम काही म्हणणार नाही, असं मी सांगितलं. पण ऐकून तरी तसंच वाटत होतं. आपल्याकडे सुई सगळ्यात शेवटी येते. लेप होतो, अंगारा होतो, शेजारणीच्या ओळखीचा वैद्य होतो, आणि काहीच उरलं नाही की मोठा दवाखाना. तिथे पहिलं काम बायोप्सी. माणूस पुढे गेलं की घरच्यांच्या लक्षात दोनच गोष्टी राहतात, सुई आणि मरण. मधली दोन वर्षं कोणी मोजत नाही. ही माणसं अडाणी असतात असं मला वाटत नाही. डोळ्यांपुढे जे घडलं त्याच्यावरूनच ती बोलतात, फक्त गोष्ट मधूनच सुरू करतात.

एवढ्यावर त्या सही करतील असं वाटलं होतं. केली नाही. जाऊ चहा आणायला बाहेर गेली, तेव्हा त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सुई लावली का कागदावर येते न, मॅडम. मे महिन्यात पोरीचं लग्न आहे. साक्षगंध झालं. इतवारीत गोष्ट पसरायले काय वेळ लागते?"

पसरायची भीती होती ती ही. मी पंचवीस मिनिटं भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होते.

या प्रश्नाला माझ्याकडे चित्र नव्हतं. मी एवढंच विचारलं की घरात कोणाला माहीत आहे. नवऱ्याला गाठ माहीत होती, रिपोर्ट माहीत नव्हता. मुलीला काहीच नाही. नवऱ्याला तरी आज सांगा, सोबत हवी असेल तर मी बसते, असं म्हटलं. त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद करून ते आले. रिपोर्ट उलटसुलट पाहिला, मग बायकोला म्हणाले, "मले काऊन नाही सांगितलं?" दोन दिवसांत बायोप्सी झाली. रिपोर्ट आला, कॅन्सर होता, हार्मोनला प्रतिसाद देणारा.

मुलीच्या सासरी कोणी सांगायचं यावर घरात रात्रभर खल झाला. सकाळी मुलीनं कोणालाही न विचारता होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. एकच रास्त शंका तिकडून आली: हे पोरीला होईल का? बहुतेक स्तन कॅन्सर वारशानं येत नाहीत. शंभरातले पाच ते दहा येतात. पण आत्या वडिलांकडची म्हणून सोडून द्यायची नसते, वडिलांच्या बाजूचा वारसाही तितकाच मोजतात. म्हणून डॉक्टरांनी सुनंदाताईंची जनुकीय तपासणी करवली. दोष सापडला नाही. लग्न मोडलं नाही. प्रत्येक घरात असंच होतं असं मी लिहिणार नाही, मोडलेलीही पाहिली आहेत.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ लहान होती म्हणून स्तन राखता आला. पुढे रेडिएशन घ्यायचं या अटीवर. काखेतल्या गाठीही (लसिका ग्रंथी, त्या सगळ्यांनाच असतात) काढल्या. केमो लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सुरू करायचं ठरलं. जखम भरायला तेवढा वेळ लागणारच होता, आणि केमोनंतर दहाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात, तेव्हा मांडवातल्या गर्दीत उभं राहणं बरं नव्हे. लग्नात त्या स्वतःच्या केसांत गजरा माळून उभ्या होत्या. सोळाव्या-सतराव्या दिवशी कंगव्यात झुपके यायला लागले. ते नवऱ्यानं झाडले, आणि झाडताना पंखा बंद केला, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

नागपूरच्या उन्हाळ्यात केमो घेणाऱ्यांच्या घरच्यांना एक गोष्ट मी लिहूनच देते. मेअखेरीला ताप आला की आपण म्हणतो ऊन लागलं. कांदा चोळतो, पन्हं देतो. सुनंदाताईंनाही पहिल्या केमोनंतर नवव्या रात्री ताप आला, आणि सासूबाईंनी कांदा चिरायला घेतलाच होता. केमोच्या काळात 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना. पन्हं आल्यावर प्या. त्यांना तीन दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक द्यावं लागलं.

बाकी केमो तशा गेल्या, जशा जातात. लाल औषधानं लघवी लाल होते हे आधी सांगितलं होतं, तरी घाबरल्या. तोंड आलं, संत्री झोंबायची. बोटांना मुंग्या आल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घराजवळून मारबत निघते, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, फोन करून म्हणाल्या, "दरवर्षी वरून ओरडते, रोगराई घेऊन जा गे मारबत. यावर्षीही ओरडली. पण सहावी केमो लावून घेतली मग ओरडली."

एकदा नवऱ्यानं मला व्हरांड्यात गाठलं. चपलेकडे बघत विचारलं, "मॅडम, जवळ झोपलं तर लागत नाही न?" कॅन्सर लागत नाही, केमोच्या दिवसांत कंडोम वापरा, बाकी तिची इच्छा विचारा, असं सांगितलं. चार महिने ते बैठकीत झोपत होते, तिला त्रास नको आणि आपल्याला रोग नको म्हणून. त्या मात्र समजत होत्या की आपली किळस येते. दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता नवरा आला नाही तर मीच बोलावून घेते.

डिसेंबरमध्ये रेडिएशन संपलेलं होतं. त्या सहज म्हणाल्या, डाव्या हातातल्या लग्नाच्या बांगड्या निघत नाहीत, अंग भरलं वाटते. उजव्या हातातल्या सुटसुटीत फिरत होत्या. एकाच हाताचं अंग भरत नाही. काखेतल्या गाठी काढल्यावर तिथला द्रव नीट वाहत नाही आणि हात सुजायला लागतो. लवकर लक्षात आलं तर व्यायाम, मालिश आणि घट्ट बाहीनं आटोक्यात राहतो. तशीच फिजिओथेरपीला पाठवली. बांगड्या साबण लावून काढल्या, एक फुटली. त्यावर सासूबाई काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

परवा, जानेवारीच्या कडाक्यात, फोन आला. टॅमॉक्सिफेनची, म्हणजे हार्मोनची ती गोळी सुरू झाल्यापासून रात्री अंगातून वाफा निघतात, म्हणून त्या पंखा लावतात. नवरा परत आतल्या खोलीत झोपायला लागला आहे, दोन रजया घेऊन.

"ही गोळी किती दिवस जी?"

"पाच वर्षं तरी."

पलीकडे फोन बाजूला धरून त्या ओरडल्या, "ऐकलं का वो? पाच वर्षं म्हणून राहिल्या. अजून एक रजई भरून घ्या."