बाबांना 'आता घरी न्या' म्हणून सांगितलंय, अशा वेळी नुसतं सोबत बसणारं कुणी मिळतं का? आणि आम्ही घरच्यांनी नक्की काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की बाबा ७६ वर्षांचे, लिव्हरचा कॅन्सर, हॉस्पिटलने हात टेकले, आई एकटी सगळं बघते आणि तुम्ही शनिवार-रविवार मुंबईहून ये-जा करता. तर हो, अशी माणसं असतात. मी स्वतः गेली सात वर्षं पुण्यात हेच करतोय, एका पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करायला बघणाऱ्या ग्रुपबरोबर, व्हॉलंटियर म्हणून, आठवड्यातल्या दोन दुपारी. मी डॉक्टर नाही की नर्स नाही, बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे. गोळ्या, इंजेक्शन, ड्रेसिंग कशालाही हात लावायचा नाही हा आमच्यात पहिला नियम.

मग करता काय असं सगळेच विचारतात. खरं सांगू का, बसतो. सुरुवातीला मलाही वाटायचं काहीतरी बोललं पाहिजे, धीर दिला पाहिजे, आणि अगदी दुसऱ्या-तिसऱ्या घरीच मी एका बाईंना म्हणालो "काळजी करू नका, बऱ्या व्हाल तुम्ही". त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या, परत बोलल्याच नाहीत. तेव्हापासून ते वाक्य कानाला खडा.

एक आजोबा होते, एसटीत कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. मुलगा दारातच म्हणाला चार दिवस झाले काही बोलत नाहीत, उगाच त्रास घेताय. भिंतीवर खाकी ड्रेसमधला फोटो होता. मी मूळचा वाईचा, कॉलेजच्या वेळेला स्वारगेटहून लाल डब्याने जायचो, तर मी आपला खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं काका, मी वाईचा, महाबळेश्वर गाडीने जायचो, आणि स्टॉप म्हणत सुटलो, कात्रज, खेड शिवापूर, नसरापूर फाटा, शिरवळ... डोळे मिटलेलेच होते त्यांचे, पण मधेच आवाज आला, "कापूरहोळ". मी कापूरहोळ खाल्लं होतं! मागे जाऊन परत म्हटलं, कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा, सुरूर, वाई, मग पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर. मग उलटं, येतानाची फेरी. पुढच्या खेपेला मुलगा मेडिकलमध्ये गेला होता तेवढ्यात ते हळूच म्हणाले "पोराला बोलू नका, मला कळलंय सगळं". आणि तिकडे मुलाने मला आधीच दम भरलेला, बाबांना कॅन्सर माहीत नाही, शब्द काढू नका! हे जवळजवळ प्रत्येक घरात असतं, दोन्हीकडून लपवालपवी. मी एवढंच म्हटलं की काका, त्याला तुम्हीच सांगा ना. सांगितलं की नाही मला माहीत नाही, पण नंतरच्या वेळी गेलो तर आधी दारात उभा राहणारा तो मुलगा पलंगाच्या कडेवर बसून त्यांचे पाय चेपत होता. शेवटच्या खेपेला स्टॉप मी एकट्यानेच म्हटले, त्यांच्या मनगटावर हात ठेवून. गेले तेव्हा मी तिथे नव्हतो, सकाळी मुलाचा फोन आला.

आता तुमच्याबद्दल. सगळ्यात जास्त भांडणं होतात ती खाण्यावरून. माणूस जायला लागला की भूक जातेच, शरीरच मागत नाही, पण घरच्यांना वाटतं आपण उपाशी मारतोय की काय, मग चमच्या-चमच्याने मोसंबीचा ज्यूस, पेज, ठसका लागला तरी "एवढं घ्या ना". नका करू. मागितलं तर द्या, नाहीतर स्वच्छ कापूस ओला करून ओठ आणि तोंड ओलं ठेवा, त्याने खरंच बरं वाटतं. शेवटी शेवटी घशात घरघर लागते, श्वास मधेच थांबतो आणि परत सुरू होतो, हातपाय गार पडतात. ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो पण त्या माणसाला बहुतेक वेळा तेवढी जाणीव नसते. हे नर्सकडून आधीच समजून घ्या म्हणजे रात्री दोनला घाबरून अँब्युलन्स बोलावून परत आयसीयूत नेणं होत नाही. दुखत असेल तर मात्र गप्प बसू नका, कॅन्सरच्या दुखण्याला मॉर्फिन असतं, सवय लागेल म्हणून घरचेच नको म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, डॉक्टरांच्या मागे लागा.

आणि कान शेवटपर्यंत जागे असतात असं धरून चाला. पलंगाशेजारी उभं राहून "किती दिवस काढतील" किंवा फ्लॅट कुणाच्या नावावर, असलं बोलू नका. ते बोलायचंच असेल तर त्यांच्याशी बोला, ते शुद्धीत असताना.

एक रुक्ष पण फार कामाची गोष्ट. माणूस घरी गेला तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय स्मशानात अडतं. तेव्हा ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा की रात्री-अपरात्री येणार का. नाही म्हणाले तर दुसरे शोधायला आज वेळ आहे, त्या रात्री नसेल. मी एका घरी पहाटे तीनपासून सकाळी नऊपर्यंत डॉक्टर शोधत फिरणारा जावई बघितलाय, त्याला रडायलासुद्धा सवड नव्हती.

कुठे मिळेल ही मदत? मुंबईत बांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणारी जागा, ती तीच. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर १९९७ पासून, कॅन्सर पेशंटसाठी, पैसे घेत नाहीत. घरीच ठेवायचं असेल तर कॅन्सर हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह विभागात 'होम केअर' कोण करतं ते विचारा, त्यांच्याकडे व्हॉलंटियरचे नंबर असतात. अमेरिकेत असं शेवटी सोबत बसणाऱ्या माणसाला डेथ डूला म्हणतात आणि ते हे पैसे घेऊन करतात, त्यात वाईट काही नाही. पण आपल्याला शिकायचं तर केरळकडून, १९९३ साली कोळिकोडला सुरुवात झाली आणि पुढे गल्लोगल्ली साधी माणसं, रिक्षावाले, कॉलेजची पोरं आठवड्याला पेशंटच्या घरी जाऊन बसायला लागली. आपल्याकडे ते काम शेजारपाजार करायचा, आता फ्लॅटचं दार बंद असतं आणि लोक "भेटायला यावं का, बरं दिसतं का" करत राहतात. त्यांना तुम्हीच फोन करा, आणि "या कधीतरी" म्हणू नका, "बुधवारी चार ते सहा बसशील का" असं विचारा. लोक येतात, त्यांना कुणी नेमकं विचारत नाही म्हणून येत नाहीत.

ब्युरोच्या मावशी ठेवणार असाल तर जरूर ठेवा, पण आईचा भार पूर्ण उतरेल असं समजू नका. मी घरोघरी जातो तेव्हा पेशंटइतकाच वेळ स्वयंपाकघरात जातो माझा, त्या माउलीबरोबर. ती ओट्याशी उभी राहून चहा करत करत काय काय बोलून घेते, पलंगापाशी एक शब्द नसतो. या शनिवारी गेलात की पहिलं काम ते करा, आईला आतल्या खोलीत दोन तास झोपायला लावा, तिचा फोन तुमच्याकडे घ्या, आणि बाबांपाशी तुम्ही बसा.