सिल्की कोंबडीच्या तीन महिन्यांच्या पिलांमधील नर-मादी कसे ओळखावेत?

निपाणीजवळच्या आपल्या घरी आणलेली पाच सिल्की पिले आता तीन महिन्यांची झाली आहेत, विकणाऱ्याने त्यांत चार माद्या असल्याचे सांगितले होते, परंतु आता तिघांचे तुरे वाढताना दिसत आहेत, अशी आपली अडचण आहे. मी खानापूर तालुक्यात परसात गावठी कोंबड्यांबरोबर सिल्कीही पाळतो. या वयात एकाच खुणेवरून कोणत्याही पिलाचा निकाल लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावठी पिलांत दोन-अडीच महिन्यांत नराचा तुरा लाल होतो आणि पुढे मानेवर व कमरेवर टोकदार, चकचकीत पिसे येतात, त्यामुळे ओळखायला फारसे कठीण जात नाही. सिल्कीच्या पिसांतील तंतू एकमेकांत अडकत नाहीत, ती लोकरीसारखी मोकळी राहतात आणि म्हणून पिसांच्या टोकांवरून फारसे काही कळत नाही. शिवाय कातडी काळी असल्याने तुराही बहुधा गडद जांभळट असतो, लालीची वाट पाहून उपयोग नाही.

तरीही सर्वांत भरवशाची खूण तुराच आहे. पिलू सकाळच्या उजेडात हातात घ्यावे, डोक्यावरचा झुपका बोटाने मागे सारावा आणि चोचीच्या मुळाशी पाहावे. तेथील मांसल भाग रुंद, जाड आणि खडबडीत गाठींचा होत चालला असेल, तर नर असण्याची शक्यता बरीच असते. मादीत तो लहान, अरुंद आणि बसका राहतो. चोचीखाली लोंबणाऱ्या पाळ्याही नरात लवकर वाढतात, मात्र दाढीच्या सिल्कीत त्या पिसांआड झाकल्या जातात.

दुसरी खूण झुपक्याची. मादीचा झुपका गोल आणि भरगच्च असतो, तर नराच्या झुपक्यातून काही लांब पिसे मागच्या बाजूला झुकलेली निघतात, पण ही पिसे पुष्कळदा चार-पाच महिन्यांनंतरच नीट दिसतात. सिल्कीची पिसे पाणी झटकत नाहीत, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यात भिजलेला झुपका चिकटून मागे पडतो आणि मादीही नरासारखी भासते. तो पूर्ण वाळल्यावरच पाहावा.

पिलू पायाला धरून उलटे लटकवणे किंवा अंड्याच्या आकारावरून लिंग सांगणे याला काहीही आधार नाही. छाती काढून झुंजणेही पुरेसे नाही, कारण तलंगाही (अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) आपसांत झुंजतात. आरवणे ही मोठी खूण खरी, परंतु खुराड्यात दांडगा कोंबडा असल्यास दबलेले नर कित्येक महिने गप्प राहतात.

आपण पाचही पिलांच्या पायांत वेगवेगळ्या रंगांच्या सैल कड्या घालाव्यात, पाय वाढतील तशा त्या बदलाव्यात आणि दर आठवड्याला प्रत्येकाच्या तुऱ्याचा एकाच बाजूने फोटो काढावा. एकाच वयाच्या भावंडांतला फरक शेजारी ठेवून पाहिला की लवकर उमगतो. सहा महिन्यांच्या आत कोणाला विकू किंवा कापू नये. सिल्की मादी पुष्कळदा सात ते नऊ महिन्यांची झाल्यावरच पहिले अंडे घालते, तेव्हा सातव्या महिन्यात अंडे नाही एवढ्यावरून तिला नर ठरवू नये.